साडेचार वर्षांच्या मुलाला वास देऊन भूल देणार आहेत. कुणी सांगेल का, नेमकं काय होतं?

धायरीची_आई

नमस्कार मंडळी. माझ्या मुलाचं उजव्या बाजूच्या हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलंय. वय साडेचार, वजन १६ किलो. काल भूलतज्ज्ञांकडे तपासणीला गेलो होतो. ते म्हणाले, आधी मास्कमधून गॅसचा वास देऊन झोपवू, झोपल्यावर सुई लावू. मी मान डोलावली आणि जिना उतरेपर्यंत प्रश्नांची रांग लागली.

अडीच वर्षांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला होता. तेव्हा व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवायची सुई, लावायला पाच वेळा टोचलं. दोन सिस्टर आणि मी, तिघींनी मिळून त्याला दाबून धरलं होतं. तेव्हापासून कर्वे रोडवर रिक्षा एका वळणावर आली की तो माझी ओढणी मुठीत घट्ट धरतो, आम्ही भलतीकडेच चाललो असलो तरी. म्हणून आधी सुई नाही हे ऐकून मला बरं वाटलं.

पण घरी सासूबाई हादरल्यात. त्यांचे टॉन्सिल लहानपणी साताऱ्याला काढले होते, १९६२-६३च्या सुमारास. तोंडावर जाळी आणि कापड ठेवून वरून थेंब थेंब औषध टाकलं, श्वास कोंडला, चार माणसांनी हातपाय धरले. त्या म्हणतात तो क्लोरोफॉर्म होता आणि तुम्ही माझ्या नातवाला तेच करणार. नवऱ्याने मोबाईलवर कुठेतरी वाचलं की भुलीमुळे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो.

तर हा गॅस नेमका कोणता असतो? मेंदूचं खरं आहे का? आणि मी आत जावं की जाऊ नये? डॉक्टर म्हणाले, तुमची इच्छा असेल तर या. मुलाला काय सांगून न्यायचं, तेही कळत नाहीये. नवरा म्हणतो, फुलराणीत, त्या छोट्या आगगाडीत, बसायला पेशवे पार्कात जातोय म्हणून सांगू.

पर्वती_पायथा

मी ३४ वर्षं भूल दिली, त्यात लहान मुलं खूप होती. सहा वर्षांपूर्वी काम थांबवलं. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. फुलराणीचं सांगून कृपा करून नेऊ नका. त्या मुलाला एकदा दाबून धरलं गेलंय, ते तो विसरलेला नाही. आता पेशवे पार्क म्हणून ऑपरेशन थिएटरच्या दारात उभं केलंत, तर मास्क कितीही चांगला असला तरी तो तोंडाजवळ येऊ देणार नाही. आणि पुढच्या वेळी तुमच्यावरही विश्वास ठेवणार नाही.

सासूबाईंना सांगा, त्यांना आठवतंय ते खरं आहे. मात्र जाळीवर थेंब टाकायचे म्हणजे बहुधा ईथर असणार. ईथरचा वास उग्र, घशाला झोंबणारा. मूल श्वास रोखून धरायचं, खोकायचं, झोप लागायला कितीतरी मिनिटं जायची. माझ्या वरिष्ठांनी ते करताना पाहिलेलं आहे, मी स्वतः शिकले तेव्हा हॅलोथेन आलेलं होतं, लाल पट्टीचं व्हेपोरायझर, म्हणजे औषधाची वाफ करून देणारं यंत्र. ते १९५६पासून वापरात आलं. वास गोडसर, मुलं बऱ्यापैकी घ्यायची, पण हृदयाचे ठोके मंद व्हायचे, लय बिघडायची, क्वचित यकृतालाही त्रास व्हायचा. सबंध वेळ एक बोट नाडीवर असायचं माझं. (क्लोरोफॉर्मचं नाव निघालंच आहे म्हणून: हैदराबादला १८८८-८९ मध्ये क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित आहे ते तपासायला कमिशन बसलं होतं, आणि तिथल्या रूपाबाई फर्दूनजी या जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. आमच्या शाखेत येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे सांगत आले.)

आता जे देतात ते सेव्होफ्लुरेन. आम्ही नुसतं सेव्हो म्हणतो. मशीनवर पिवळ्या रंगाचं व्हेपोरायझर दिसेल. जपानमध्ये १९९० साली आलं, अमेरिकेत १९९५ साली. वास सौम्य, श्वासनलिकेला झोंबत नाही, म्हणूनच मास्कने चालतं. आयसोफ्लुरेन आणि डेसफ्लुरेनही गॅसच आहेत, पण त्यांनी घसा खवखवतो, मूल खोकतं, श्वास अडकतो, म्हणून सुरुवातीला ते कुणी देत नाही.

आणि सेव्हो रक्तात फारसं विरघळत नाही. ऐकायला हे उलट वाटतं, म्हणून जरा समजावते. गॅस रक्तात जितका जास्त विरघळतो, तितकं रक्तच तो पिऊन टाकतं आणि मेंदूपर्यंत त्याचा जोर पोचायला उशीर होतो. हॅलोथेनचा विरघळण्याचा आकडा २.४च्या आसपास, सेव्होचा ०.६५च्या आसपास. त्यामुळे ते लवकर चढतं आणि बंद केलं की लवकर उतरतं. त्यात लहान मुलांचा श्वास त्यांच्या फुप्फुसांच्या मानाने भराभर चालतो, म्हणून ती मोठ्यांपेक्षाही लवकर झोपतात. डायल ८ टक्क्यांपर्यंत नेता येतो. सोबत ऑक्सिजन, कुठे कुठे नायट्रस ऑक्साइड हा दुसरा गॅसही. साधारण मिनिटभरात मूल हाकेला ओ देत नाही. काही डॉक्टर डायल हळूहळू वाढवत नेतात, तेव्हा थोडा जास्त वेळ लागतो.

आता तुम्ही आत जाणार असाल तर हे आधी माहीत हवं. झोप लागल्यावर लगेच एक टप्पा येतो, तेव्हा मूल हातपाय झाडतं, डोळे वर फिरतात, श्वास घोरल्यासारखा येतो, कधी हुंदका दिल्यासारखं करतं. त्याला त्यातलं काहीही कळत नसतं आणि आठवतही नाही. अर्ध्या-एक मिनिटात ते ओसरतं. पण आईला वाटतं, माझं लेकरू तडफडतंय. माझ्यासमोर एक आई त्या क्षणी मास्क ओढायला धावली होती. तिची चूक नव्हती. तिला सांगायला हवं होतं आणि मी घाईत सांगितलं नव्हतं. त्यानंतर एकाही आईला न सांगता आत घेतलं नाही.

आत जावं का? नुसता पालक शेजारी उभा राहिला म्हणून मुलाची भीती कमी होते, असं अभ्यासात दिसत नाही. घाबरलेली आई मुलाला आणखी घाबरवते. तुम्हाला शांतपणे त्याचा हात धरून गोष्ट सांगता येणार असेल आणि ‘आता बाहेर या’ म्हटल्याक्षणी मागे न वळता बाहेर पडता येणार असेल, तर जरूर जा. नसेल जमत तर वडिलांना पाठवा. तुमच्या घरात कुणाचा आवाज स्थिर राहतो ते तुम्हालाच ठाऊक.

मेंदूबद्दल. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला होता, तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त वेळ किंवा वारंवार भूल देण्याबद्दल. तुमचा मुलगा साडेचारचा आहे आणि हर्नियाला फार तर तासभर लागेल. शिवाय सात देशांत ७२२ तान्ह्या बाळांवर एक मोठा अभ्यास झाला, आणि ती सगळी हर्नियाच्याच ऑपरेशनची बाळं होती. निम्म्यांना सेव्हो दिलं, निम्म्यांना जागं ठेवून फक्त कमरेखाली बधिर केलं. पाच वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांची बुद्धी तपासली, फरक आढळला नाही. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. हे तुमच्या यजमानांना वाचून दाखवा.

ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही आणि जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे सर्दी. माझ्या उमेदीच्या काळात एका छोट्या नर्सिंग होममध्ये तीन वर्षांची मुलगी आली होती. आठवडाभर खोकला होता, पण वडिलांनी रजा टाकलेली, गावाहून आजी आलेली, म्हणून घरच्यांनी सांगितलं नाही. मी सेव्होने झोपवलं. शिरेत सुई जायच्या आधीच तिचे स्वरतंतू घट्ट मिटले. याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात. छाती हलते, पण हवा आत जात नाही. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, बघता बघता साठीत आलं. मास्क दाबून ऑक्सिजनचा दाब देत राहिले, शेवटी मांडीत इंजेक्शन दिलं, तेव्हा गळा सुटला. मुलगी ठणठणीत घरी गेली. मी मात्र त्या रात्री जेवले नाही.

तेव्हापासून माझा नियम: दुसरा अनुभवी हात सुई लावायला तयार असल्याशिवाय मास्क लावायचा नाही. वासाची भूल म्हणजे सुईशिवायची भूल नव्हे, सुई फक्त दोन मिनिटं पुढे ढकललेली असते. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना खुशाल विचारा, ‘मुलगा झोपल्यावर सुई कोण लावणार?’ चांगला भूलतज्ज्ञ या प्रश्नाने रागावत नाही. आणि घराण्यात कुणाला भुलीत अचानक खूप ताप चढला, अंग कडक झालं किंवा कुणाला स्नायूंचा आजार असेल, तर तेही न विचारता सांगा. काही मोजक्या घराण्यांत हे गॅस चालत नाहीत.

हडपसरचा_बाबा

डॉक्टरांनी वर लिहिलंय ते डोळे फिरणं मी पाहिलंय. मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलीचे टॉन्सिल होते, वय पाच. बाहेर आलो आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिलो.

पण खरा कस उठल्यावर लागला. तिला रिकव्हरीत आणलं, डोळे उघडे, पण आम्हाला ओळखेना. किंचाळत होती, सलाईनची नळी ओढत होती, बायकोला लाथा मारल्या. वीस मिनिटं. मग एकदम गाढ झोपली आणि उठून म्हणाली, आइस्क्रीम कुठंय? तिला त्यातलं काही आठवत नाही. नंतर कळलं की सेव्होनंतर दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हे बऱ्यापैकी होतं. आधी माहीत असतं तर बायको इतकी रडली नसती. ताई, तुम्ही मन तयार ठेवून जा, आणि दिवे मंद करता येतात का ते सिस्टरना विचारा.

ओटीतली_सिस्टर

अकरा वर्षं थिएटरला आहे, म्हणून थोडं कामाचं. उपाशी ठेवण्याची वेळ डॉक्टर सांगतील तीच पाळा. सहसा जेवण आणि दूध सहा तास, साधं पाणी बऱ्याच ठिकाणी एक-दोन तास आधीपर्यंत चालतं. त्यामुळे पोराला उगाच रात्रीपासून कोरडं ठेवू नका, तहानलेलं मूल जास्त चिडतं. पण दूध म्हणजे पाणी नव्हे! कात्रजच्या पिशवीतलं अर्धा कप का असेना, सहा तासच धरायचे. सर्वांत जास्त केसेस पुढे जातात त्या आजी-आजोबांनी गुपचूप दिलेल्या पारले-जीमुळे. आजींना प्रेमाने समजवा, की पोटात अन्न असेल तर भुलीत उलटी होऊन फुप्फुसात जाते.

नखांना मेंदी किंवा नेलपॉलिश नको, बोटाला सॅच्युरेशनचा चिमटा लागतो. दात हलत असेल तर सांगा. चेहऱ्याला तेल लावू नका, मास्क सरकतो आणि नीट बसत नाही. आवडतं खेळणं आणा, आम्ही आत घेऊ देतो.

आणि घरी वाफ द्यायचं मशीन असेल, न्यूमोनिया झालेल्या मुलाच्या घरी असतंच, तर त्याचा मास्क काढा. मशीन लावू नका, नुसता मास्क. आधी टेडीला लावा, मग तुम्हाला, मग त्याला. रोज पाच मिनिटं.

धायरीची_आई

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. डॉक्टर, मला अगं-तुगं करा, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या असाल.

वाफेचा मास्क काढला. पहिल्या दिवशी पळून गेला. दुसऱ्या दिवशी टेडीला लावला. आज स्वतः नाकाला लावून ‘मी फुलराणीचं इंजिन’ म्हणत हॉलमध्ये फिरत होता. फुलराणी खोटं सांगण्याऐवजी अशी कामाला आली! त्याला सगळं सांगितलं. पोटाजवळ जो फुगा येतो तो डॉक्टर दुरुस्त करणार, त्याआधी मास्कमधून वेगळा वास येईल, मग झोप लागेल. ‘सुई?’ असं विचारलं त्याने. मी म्हटलं, तू झोपल्यावर लावतील, उठशील तेव्हा हातावर पट्टी असेल. तो बराच वेळ हाताकडे बघत बसला, रडला नाही.

आता अडचण. परवापासून नाक वाहतंय. काल पाणी होतं, आज घट्ट पिवळं, आणि रात्री ओला खोकला. ताप ९९.८. पावसात शाळेची व्हॅन उशिरा आली, भिजला. गुरुवारला तीन दिवस आहेत. सासरे नाशिकहून आलेत, नवऱ्याची रजा मंजूर झालीय. औषधाने तीन दिवसांत बरं होईल ना?

पर्वती_पायथा

नाही गं. आत्ता डॉक्टरांना फोन कर आणि जसं इथे लिहिलंस तसंच सांग, रंगासकट. नुसतं पाण्यासारखं नाक, ताप नाही, मूल खेळतंय, अशा वेळी तपासून ठरवतात. ओला खोकला आणि पिवळा शेंबूड असेल तर बहुतेक जण दोन ते चार आठवडे पुढे ढकलतात, कारण सर्दी वरवर गेली तरी श्वासनलिका काही आठवडे चिडलेलीच राहते. असल्या मुलांत वासाऐवजी शिरेतून भूल दिली तर श्वासाच्या तक्रारी कमी होतात, असंही दिसलंय. सुई लावायच्या जागी तासभर आधी बधिर करणारं क्रीम लावतात, तो पर्यायही त्यांना विचारून ठेव.

रजा पुन्हा मिळते. मात्र वाट बघताना हर्नियाकडे लक्ष हवं. गाठ कडक झाली, दाबून आत जाईना, दुखायला लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर रात्रीचे दोन असले तरी हॉस्पिटल गाठायचं. तेव्हा सर्दी बघायची नाही.

धायरीची_आई

जवळजवळ महिन्याने लिहितेय. ऑपरेशन पुढे ढकललं आणि काल झालं.

मी ‘सुई कोण लावणार’ हे विचारलं. डॉक्टर म्हणाले, आम्ही दोघे भूलतज्ज्ञ असतो, एक श्वास सांभाळतो, एक हात. ऐकूनच माझे खांदे खाली आले.

सकाळी साडेसातची वेळ होती. साडेपाचला उठवून पाणी पाजलं. आत मी गेले. डॉक्टरांनी त्याला टेबलावर आडवं केलंच नाही, माझ्या मांडीवर बसवून मास्क आधी त्याच्याच हातात दिला. त्याला मागे एक पिशवी जोडलेली होती, श्वासाबरोबर फुगते-बसते ती. डॉक्टर म्हणाले, हे तुझं इंजिन, तूच फुगव. याने दोन-तीन मोठे श्वास घेतले. मग म्हणाला, ‘आई, घाण वास.’ मी म्हटलं, हो रे, वेगळा आहे, पर्वतीच्या बोगद्यात शिरलोय आपण. चौथ्या-पाचव्या श्वासाला मान माझ्या दंडावर पडली. मग ते सगळं झालंच, डोळे वर, एक पाय झाडला, घोरणं. माहीत होतं तरी पोटात खड्डा पडला. ‘या आता’ म्हणाले आणि मी त्याचं कपाळ एकदा हुंगून बाहेर आले. मागे वळून पाहिलं नाही.

पाऊण तासाने सर्जन बाहेर आले. झोपेतच कमरेच्या खाली मणक्याजवळ दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलं होतं, कॉडल म्हणतात ते. त्यामुळे उठल्यावर दुखत नव्हतं, पण पाय जड वाटतात म्हणून चिडला. रडारड झाली, दहा-बारा मिनिटं, मला ‘तू जा’ म्हणाला. हडपसरच्या दादांचं वाचलं नसतं तर ते ‘तू जा’ मला लागलं असतं. सिस्टरनी दिवे मंद केले. मग झोपला. उठून नारळपाणी प्यायला आणि हातावरची पट्टी बघून म्हणाला, ‘हीच ना ती, झोपल्यावरची?’

डॉक्टरांनी तो मास्क त्याला घरी दिला. संध्याकाळी सासूबाईंनी तो हातात घेऊन आतून-बाहेरून पाहिला, नाकाशी धरला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्याला म्हणाल्या, मलाही लहानपणी असा मिळाला असता तर.

एक विचारायचं राहिलं. टाके आतले आहेत, काढायचे नाहीत. मंगळवारी दाखवायला बोलावलंय. पण तो आजच सायकल मागतोय.

ओटीतली_सिस्टर

सायकल नको ताई. आमच्याकडचे सर्जन दोन-तीन आठवडे थांबायला सांगतात, तुमच्या डॉक्टरांना मंगळवारी विचारा. तोवर सायकलला कुलूप घाला आणि किल्ली आजींकडे द्या. जखमेवर पाणी जाऊ देऊ नका, आणि लंगोट-चड्डी सैल ठेवा.